बाईंच्या गॅरेजमधलं पितळ

नेमबाजीची रेंज बंद झाल्याचा क्लबचा मेसेज आला तेव्हा मी डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय किराणा दुकानाबाहेर रांगेत उभी होते. पुढच्या माणसाच्या ट्रॉलीत कणकेच्या पिशव्या छातीपर्यंत रचलेल्या. माझ्या हातात जाड्या पोह्यांचं एक पाकीट. मेसेज दोन ओळींचाच होता: पुढची सूचना येईपर्यंत कुणी येऊ नये, सुरक्षित राहा. रेस्टॉरंटं बंद झाली, लायब्ररी बंद झाली, ते सगळं मी मुकाट्याने सोसलं होतं. हा मेसेज वाचून मात्र मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं.

मी एकटी राहते. पुण्याहून इथे शिकायला आले, युनी म्हणजे युनिव्हर्सिटी संपली, मग पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळाला आणि डँडेनॉन्गच्या बाजूला नळ आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात लागले. पितळेचे सुटे भाग कापायचे, पॉलिश करायचे, त्यांची कठीणता मोजायची, हे माझं लॅबमधलं काम. कॉलेजात एनसीसीत असताना कॅम्पवर रायफल चालवली होती आणि ती मनात राहून गेली होती. इथे बरीच वर्षं नुसती नोकरी आणि घर केल्यावर एक दिवस टार्गेट रायफल क्लबचा ओपन डे असल्याची पाटी दिसली. गेले. लायसन्स, बंदूक ठेवायची तिजोरी, सेकंडहँड रायफल असं करत करत वर्षभरात मी तिथली झाले. दर शनिवारी शहराबाहेरच्या त्या मोकळ्या मैदानावर पालथं पडायचं, पार लांबचा कागद बघायचा, वाऱ्याचे झेंडे बघायचे, श्वास सोडायचा आणि ट्रिगर दाबायचा. आठवडाभर डोक्यात जो कालवा असायचा, तो तेवढ्या वेळापुरता थांबायचा.

आईला हे अजिबात पटलेलं नव्हतं. "लोकांच्या मुली तिकडे जाऊन झुंबा शिकतात," ती म्हणायची, "आणि ही बंदूक घेऊन गवतात लोळते."

क्लबात एक बाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सडसडीत, पोटरीवर उन्हाचे डाग. आयुष्यभर त्यांनी गावच्या स्विमिंग पूलवर मुलांना पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे आवाज असा की तीन लेनपलीकडे ऐकू जावा. इंग्रजीत सगळ्यांना यू आणि नावाने हाक, पण मनातल्या मनात मी त्यांना कधी एकेरी म्हणू शकले नाही. शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतो तसं बाईच म्हणत आले, तेच इथेही लिहिते. बाई क्लबातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा चांगल्या नेमबाज होत्या. त्यांचे मिस्टर स्वतः रायफल कमी चालवायचे, पण दोघांची काडतुसं तेच घरी भरायचे. आमच्या क्लबात बरेच जण असं करतात. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळेची पुंगळी गोळा करायची, साफ करायची, तिच्यात बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारूची नवी पावडर आणि नवी गोळी बसवायची. असं काडतूस विकतच्यापेक्षा आपल्या रायफलला जास्त मानवतं. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी दुकानातून आणायची.

महामारीच्या आदल्या वर्षी ते गृहस्थ गेले. मला ते नीट माहीतही नव्हते. चहाच्या टेबलाशी दुधाचा कॅन पुढे सरकवणारा हात, एवढीच ओळख.

लॉकडाऊनमध्ये एका दुपारी बाईंचा फोन आला.

"तू पितळेच्या कारखान्यात आहेस ना?"

"हो. नळ बनवतो आम्ही."

"दुकानात काडतुसं आहेत का बघितलंस?"

बघितलं होतं. आधी आमच्यासारख्यांना विक्रीच बंद होती, मग सुरू झाली तर फळ्या रिकाम्या. माझ्या तिजोरीत एक अर्धवट डबा उरला होता.

"माझ्याकडे पुंगळ्यांच्या बादल्या भरून पडल्यात," बाई म्हणाल्या. "आणि नवऱ्याची सगळी अवजारं आहेत. चाळीस वर्षं मी त्याच्या हातची काडतुसं उडवली, पण एक कधी स्वतः भरलं नाही. आपण दोघी शिकलो तर?"

तेव्हा कुणाच्या घरी जायला बंदी होती, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. मी कामावर जायची, कारण आमचं काम परवानगीतलं होतं. घरी यायची, कुकर लावायची, पुण्याला व्हिडिओ कॉल करायची. शिफ्टवरही सगळे मास्कमध्ये, जेवणाच्या सुट्टीत एकेका टेबलाला एकेक जण. कधी कधी शुक्रवारी लक्षात यायचं की आठवडाभरात आपण हसलोच नाही.

मग वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबरात, नियम आला की एकटं राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका माणसाची निवड करता येईल, तेवढ्या एकाच्या घरी जाता येईल. त्याच दिवशी बाईंचा फोन.

"मी तुझी निवड केली तर चालेल का? तुझं आधीच कुणी असेल तर नो वरीज."

असं मागणी घातल्यासारखं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हसत सुटले आणि हसता हसता डोळे भरून आले. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, पण बाईंचं घर त्याच्या आतच होतं. रविवारी मी पोह्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

गॅरेजमध्ये एका भिंतीला लांब बाक, त्यावर बोल्टने घट्ट बसवलेला हाताने दाबायचा प्रेस, छोटे ट्रे, ब्रश. कोपऱ्यात कुलूप लावलेलं कपाट होतं, त्यात पावडर. आणि खाली खरंच बादल्या, काठोकाठ पितळ. मिस्टरांचा एप्रन खिळ्याला टांगलेला होता. बाईंनी तो काढला, क्षणभर हातात धरला आणि माझ्या गळ्यात घातला. "मला मोठा होतो," एवढंच म्हणाल्या. मलाही मोठाच होत होता.

आमचा तिसरा साथीदार फोनवर होता. क्लबचा कॅप्टन, लांब गिप्सलँडकडे राहणारा, अतिशय सावकाश बोलणारा माणूस. बाई फोन बरणीला टेकवून उभा करायच्या आणि तो पडद्यावरून आमच्याकडे बघायचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "कपाटाला हात लावायचा नाही. आधी महिनाभर फक्त पितळ."

बाईंना हे आवडलं नाही. "मी काही लहान आहे का?"

"पोहायला शिकवताना पहिल्या दिवशी खोल पाण्यात सोडायचीस का मुलांना?" तो म्हणाला. बाईंनी पहिली बादली पुढे ओढली.

आम्ही पुंगळ्या धुतल्या, जुन्या टोप्या काढल्या, एकेक उजेडात धरून तपासली. कित्येकींच्या मानेवर, जिथे गोळी बसते तिथे, केसासारख्या बारीक चिरा. पुंगळी उडताना फुगते, प्रेसमध्ये घालून परत आवळली जाते, पुन्हा उडते. असं वारंवार झालं की पितळ कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. म्हणून अधूनमधून तिची मान आचेवर धरून मऊ करावी लागते. कारखान्यात याला आम्ही अनीलिंग म्हणतो, आणि त्यावर मी युनीत परीक्षा दिली होती. मी तसं ऐटीत बोलूनही दाखवलं. पण आमच्याकडे ते काम भट्टी करते, मी फक्त आकडा बघून होकार देते. हातात गॅसच्या ज्योतीचा टॉर्च घेतल्यावर माझं पितळ लगेच उघडं पडलं.

ज्योतीचं काम पावडरीच्या कपाटापासून दूर, ड्राइव्हवेच्या टोकाला पत्र्याच्या टेबलावर करायचं ठरलं. ड्रिलच्या तोंडाला एक खोलगट सॉकेट बसवलं, त्यात पुंगळी बुडाकडून उभी सोडायची, ड्रिल हळू फिरवायचं आणि फिरती मान ज्योतीत धरायची. बूड सॉकेटमध्ये थंड राहिलं पाहिजे. बूड मऊ झालं तर ती पुंगळी धोक्याची, कारण स्फोटाचा सगळा जोर तेच झेलतं. हे कॅप्टनने आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की बाई त्याच्या आधीच म्हणायला लागल्या.

पहिला दिवस लख्ख उन्हाचा. मी मान आचेत धरली आणि लाली यायची वाट बघत राहिले. लाली दिसेना. आणखी धरली. एकदम ती नारिंगी झाली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. गार झाल्यावर पकडीने जरा दाबली तर मान चपटी झाली आणि तशीच राहिली, जणू भिजवलेला पुठ्ठा.

"उन्हात लाली दिसत नाही," कॅप्टन पडद्यावरून म्हणाला. "उन्हात दिसली म्हणजे पितळ गेलं. ती सगळी ठेचून टाका, चुकून कुणी वापरायला नको."

मी त्या ठेचायला घेतल्या आणि बाई वळून घरात गेल्या. बऱ्याच वेळाने मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"सॉरी," मी म्हटलं. "त्यांनी जपून ठेवलेल्या होत्या."

"त्याचं नाही," बाई म्हणाल्या. "तो जिवंत होता तेव्हा हे सगळं तो करत असताना मी एकदाही तिथे जाऊन उभी राहिले नाही. टीव्ही बघायचे. वाटायचं, ते त्याचं गॅरेज." मग नाक पुसून म्हणाल्या, "चल. सावलीत टेबल घे."

टेबल कारपोर्टच्या, म्हणजे गाडीवरच्या छपराच्या, सावलीत आलं. पोस्टाने एक रंग मागवला. तो पुंगळीवर लावायचा आणि हवी तेवढी उष्णता झाली की तो वितळतो. एक पट्टा मानेच्या आत, एक खाली अंगावर. आतला वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. मी ज्योत आणि ड्रिल धरायची, आणि बाई शेजारी उभ्या राहून मोठ्याने मोजायच्या, पूलच्या काठावर मुलांचे हातपाय मोजत असतील तसं, एकसारखं, न घाई करता. "आणि बाहेर!" म्हटलं की मी पुंगळी ओल्या टॉवेलवर टाकायची. रंगावरून ताल बसला, मग रंगाची गरज क्वचित लागायला लागली. पलीकडच्या घरातला माणूस कुंपणावरून विचारायचा, "आज काय शिजतंय?" बाई म्हणायच्या, "बिस्किटं, मेट. तुला नाही मिळणार."

आईने एकदा व्हिडिओवर ते पाहिलं. "हे काय, कल्हई लावतेस का?" तिने विचारलं. मी समजावून सांगितलं. तर ती म्हणाली, "त्या बाईंना म्हणावं, बाह्या वर करून उभ्या राहू नका, आचेचं काम आहे." मी ते भाषांतर करून सांगितलं. बाईंनी स्क्रीनसमोर बाह्या खाली करून दाखवल्या.

एक गोष्ट माझ्याकडूनही झाली, तिचा मला आजही आनंद आहे. सुपरवायझरला विचारून मी दोन रिकाम्या पुंगळ्या लॅबमध्ये नेल्या, एक मऊ केलेली, एक न केलेली. दोन्ही कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. न केलेलीत पितळेचे कण चेंगरलेले, ओढल्यासारखे. मऊ केलेलीत तेच नव्याने वाढलेले, ऐसपैस, कोनाकोनांचे, मधून सरळ पट्टे गेलेले. फोटो बाईंना पाठवले तर त्यांनी लगेच फोन केला. "हे आतमध्ये असतं? हे आपण केलं?" त्यांनी तो फोटो छापून फ्रिजवर लावला, नातवंडांच्या फोटोंच्या मध्ये.

महिनाभर पितळ झाल्यावर कपाट उघडलं. पावडर किती घालायची ते बनवणाऱ्यांच्या पुस्तकात असतं, आम्ही त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यावर राहिलो. एकीने वजन करायचं, दुसरीने ते पुन्हा करून पडताळायचं, आणि ते चालू असताना बोलायचं नाही. बोलक्या बाई त्या बाकापाशी अगदी देवळात बसल्यासारख्या व्हायच्या.

रेंज उघडली तेव्हा उन्हाळा लागला होता. बाईंनी दोन डबे आणले. एकात आम्ही भरलेली काडतुसं, दुसऱ्यात मिस्टरांनी भरलेली शेवटची. ती त्यांनी ठेवून दिली असतील असं मला वाटलं होतं. मी तसं म्हटलंही.

"काडतुसं काय कपाटात ठेवायला भरतात का?" त्या म्हणाल्या आणि पालथ्या पडल्या. मिस्टरांची सगळी त्यांनी एकापाठोपाठ एक शांतपणे उडवली. लांबच्या कागदावर फाइव्हमागून फाइव्ह, म्हणजे पाचपैकी पाच गुण, आले. उठताना मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि जरा वेळ सोडला नाही.

मग आमची पाळी. पहिलं कुणी उडवायचं यावरून आमची जुंपली. "माझं गॅरेज, मी आधी," त्या म्हणाल्या. "ज्योत माझ्या हातात होती," मी म्हटलं. कॅप्टन मागे उभा होता. त्याने दोघींची काडतुसं पुन्हा एकदा तपासली आणि मला खूण केली. मी पडले, पट्टा आवळला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. ट्रिगर दाबला. खांद्याला नेहमीचाच धक्का बसला, नेहमीचाच आवाज झाला. पुंगळी बाहेर काढली, मान शाबूत, कुठे चीर नाही. समोर गुण बघायला टार्गेट खाली गेलं आणि वर आलं. पाचपैकी चार, नेम जरा उजवीकडे. आयुष्यात एवढा सुंदर चार मी पाहिला नव्हता.

पुढच्या एप्रिलात पुण्यात दुसरी लाट आली आणि आईला दवाखान्यात न्यावं लागलं. भाऊ धावपळ करत होता. मला जाता येत नव्हतं. इथून बाहेर पडायला परवानगी लागायची, आणि मग तिकडची विमानंही बंद झाली. मी फोन हातात धरून घरभर फिरायची. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. "बॅग भर," म्हणाल्या. "एकटीने वाट बघायची नाही."

मी त्यांच्याकडे राहिले. बाई 'सगळं ठीक होईल' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. गॅरेजमध्ये माझ्यासमोर पुंगळ्यांचा ट्रे ठेवला आणि छोटा ब्रश दिला. मी टोप्यांच्या जागा घासत बसायची, त्या शेजारी बसून माझ्याइतक्याच घासायच्या. भावाचा फोन आला की दोघींचे हात थांबायचे. ऑक्सिजन किती, डॉक्टर काय म्हणाले, मी सांगायची. त्या मान हलवायच्या आणि आम्ही पुन्हा घासायला लागायचो.

एके दिवशी दुपारी त्या फॉस्टर स्ट्रीटवर गेल्या. दुकानदाराला विचारलं, आई आजारी असते तेव्हा तुम्ही लोक काय खाता? त्याने मुगाची डाळ, तांदूळ, हळद आणि तूप दिलं आणि काउंटरवर उभं राहून कृती सांगितली. संध्याकाळी माझ्यासमोर खिचडीचं ताट आलं. हळद इतकी की ताट, चमचा, सगळं पिवळं. मीठ विसरलेलं. मी ती सगळी खाल्ली आणि आणखी मागितली. आठवड्याच्या शेवटी भावाने फोन आईच्या तोंडाशी धरला आणि ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का?" फोन स्पीकरवर होता. बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या उठून गॅरेजच्या दाराबाहेर गेल्या आणि बाहेरून त्यांचं नाक पुसणं मला ऐकू आलं.

माझ्या वाट्याला त्या वर्षांत जे आलं त्याचा मी अनेकदा विचार करते. कित्येकांनी त्या काळात घरचं माणूस गमावलं. माझी आई वाचली, आणि इथे मला उठायला-बसायला, भांडायला, जेवायला एक घर मिळालं, तेही मी न मागता. त्याचे आभार कसे मानायचे हे मला अजून कळलेलं नाही. एकदा प्रयत्न केला तर बाई म्हणाल्या, "निवड मी केली होती. आभार मी मानायचे."

सीमा उघडल्यावर आई आली. जरा वाळलेली, जिने चढताना थांबणारी, पण आली. पहिल्याच शनिवारी मी तिला रेंजवर नेलं. तिने साडीवर माझा जाड स्वेटर घातला होता आणि कानावर बाईंनी दिलेले, आवाज अडवणारे मोठे मफ. बाईंनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावून दिली. आईचं इंग्रजी जेमतेम, बाईंना मराठी येत नाही, तरी चहाचा थर्मास मध्ये ठेवून त्यांचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं.

मी पालथी पडून नेम धरला. बोट ट्रिगरवर आलं तेवढ्यात मागून आई ओरडली, "थांब गं! ते झेंडे बघ की, सगळे तिकडे पळाले."

"काय म्हणतेय ती?" बाईंनी विचारलं.

"थांब म्हणतेय. वारा बदलला."

बाईंनी झेंड्यांकडे पाहिलं. "बरोबर आहे तिचं. थांब."

मी बोट काढलं, गाल रायफलवर तसाच ठेवला आणि त्या दोघी सांगतील तोपर्यंत थांबले.